वचन काढण्याआधी खुर्ची जवळ ओढा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की दुःखात, पापात किंवा गोंधळात सापडलेल्या भावाबहिणीला धरून उभं करणं हे एकट्या पाळकांचं काम नाही, मंडळीतल्या सगळ्यांनीच ते शिकायला हवं. त्यावर भरपूर पत्रं आली. काहींनी पाठ थोपटली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडिलांनी “मावशी, तुम्ही मंडळीला दवाखाना समजता” असा टोमणा मारला. (जन्मभर नर्स होते, सवय जाणार कशी?) बहुतेकांचं म्हणणं मात्र एकच होतं: शिकायचं कसं आणि कोणाकडून? त्यातली काही पत्रं इथे घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न: मावशी, ख्रिस्तामध्ये सलाम. मी संडेस्कूलमध्ये शिकवते. मोठ्या मुली वर्ग सुटल्यावर मागे थांबतात, घरातलं सांगतात, रडतात. मला काय बोलावं सुचत नाही. बायबलवर आधारित समुपदेशनाचा ऑनलाइन कोर्स करायचा विचार आहे. पाळकसाहेब म्हणतात, “आधी मंडळीत शिक.” पण मंडळीत शिकवणार कोण?

बाळ, कोर्स जरूर कर. पाळकसाहेबांचंही खरं आहे, आणि दोन्हींत भांडण नाही.

हे जे कोर्स आज दिसतात त्यांचं मूळ अमेरिकेत आहे. जे अ‍ॅडम्स नावाचे एक पाळक होते, सेमिनरीत म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात शिकवायचे. १९६८ मध्ये या कामासाठी एक संस्था उभी राहिली, त्यात ते पुढे होते, आणि १९७० मध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा बरीच खळबळ झाली. मंडळीने माणसाच्या मनाची जबाबदारी परस्पर मानसशास्त्राकडे सोपवली आणि आपण हात झटकून मोकळी झाली, ही त्यांची तक्रार. आधार होता रोमकरांस पत्र १५:१४ चा. तिथे पौल साध्या विश्वासणाऱ्यांना म्हणतो की तुम्ही एकमेकांना बोध करायला समर्थ आहात. रोमची मंडळी त्याने तोवर डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, तरी म्हणतो! अ‍ॅडम्स यांचा जोर पाप दाखवून देण्यावर जास्त आणि सोसणाऱ्याकडे लक्ष कमी, असं पुढे त्यांच्याच पठडीतले लोक बोलू लागले. डेव्हिड पॉलिसन त्यांतले एक. मला ती तक्रार पटते.

१९७६ मध्ये या कामाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणारी संघटना निघाली. तिचं प्रमाणपत्र हवं तर वाचन आहे, परीक्षा आहे, आणि शेवटी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ५० तास प्रत्यक्ष समुपदेशन आहे. म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्यांचीसुद्धा नुसत्या पुस्तकावर भिस्त नाही. तशी देखरेख तुला मंडळीतच मिळेल. पाळकसाहेब तेच सांगताहेत, फक्त जरा तुटक बोलले.

कोण शिकवणार म्हणतेस? मंडळीत नजर फिरव. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचं लग्न मोडायला आलं, की माणसं कोणाचं दार ठोठावतात? ती बाई कदाचित कधीच व्यासपीठावर गेली नसेल. तिला म्हण, “तुम्ही कोणाजवळ बसाल तेव्हा मला बाजूला बसू द्याल का?” ज्यांच्याशी बोलायचं त्यांची परवानगी ती काढेल. आणि तू बाजूला बसून गप्प राहा. वॉर्डात नवी मुलगी आली की आम्ही तिच्या हातात पहिल्याच दिवशी सुई देत नसू. ती आधी चादरी बदलायची, ताप बघायची, रोगी कण्हतो कसा आणि कुठे हात लावला की दचकतो हे शिकायची. तसंच हे.

बसलीस की उत्तरांपेक्षा ती बाई काय विचारते ते टिपून घे. माझ्याबरोबर बसणाऱ्या मुली वहीत उतरवतात ते प्रश्न अगदी साधे आहेत. हे कधीपासून? त्या सुमारास घरात आणखी काय चाललं होतं? झोप लागते का? मध्यरात्री जाग आली की मनात पहिलं काय येतं? याविषयी देवाशी बोलतेस, की हा विषय टाळून बाकीची प्रार्थना करतेस? या शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच जणी गप्प होतात, आणि तेव्हा आपणही गप्प बसायचं असतं. नवख्या मुलीला हेच सगळ्यात जड जातं. तिचा हात बायबलकडे जातो.

प्रभूने कसं केलं ते लूक २४ मध्ये वाच. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य तोंड उतरवून चाललेत. तो त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि विचारतो, कसलं बोलणं चाललंय? क्लयपा जवळजवळ वैतागतो, यरुशलेमेत राहून तुलाच कसं ठाऊक नाही? ज्याच्यावर ते सगळं गुदरलं तोच पुन्हा विचारतो, “कसल्या गोष्टी?” मग ते घडाघडा बोलतात, आणि बोलता बोलता एक वाक्य निघतं की इस्राएलाला सोडवणारा तोच, अशी आमची आशा होती. दुखणं तिथे होतं. मोशे आणि संदेष्टे प्रभू त्यानंतर उलगडतो, आणि नेमका त्या मोडलेल्या आशेवरच बोट ठेवतो: ख्रिस्ताने हे सोसणं भागच नव्हतं का?

उठताना घरी करायला काहीतरी द्यावं. मी पुष्कळदा स्तोत्र १३ देते. सहा वचनांचं स्तोत्र, त्यातल्या पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो की हे किती वेळ चालणार. मग मागणं येतं, मग भरवसा. रोज मोठ्याने वाच आणि तुझं स्वतःचं “किती वेळ” लिहून आण, एवढंच सांगते. एकीने अख्खं पान नवऱ्याच्या आजारपणावर भरून आणलं होतं. तळाशी, बारीक अक्षरात, रेघेच्याही खाली लिहिलं होतं, “मला तरी कोणी विचारतं का?” (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) पुढचे कित्येक आठवडे आम्ही त्या तळाच्या ओळीवरच बोलत होतो. पानभर जे लिहिलं होतं ते तिने आधीच दहा जणांना सांगितलेलं होतं.

तुझ्या मुली मात्र वयाने लहान आहेत, तेव्हा खालचं गुपितांविषयीचं उत्तरही वाच.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीचं बाळ पोटातच गेलं. मी तिला लगेच रोम ८:२८ पाठवलं, “सर्व गोष्टी कल्याणासाठी मिळून कार्य करतात.” तिने मेसेज पाहिला, उत्तर दिलं नाही. आता उपासनेला आली तरी माझ्या बाकावर बसत नाही. देवाचं वचन पाठवलं यात माझं काय चुकलं?

वचन खरंच आहे. तू ते पाठवलंस तेव्हा ती कदाचित अजून दवाखान्यातल्या पलंगावरून उतरलीही नव्हती.

त्याच अध्यायात जरा वर बघ. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आपल्याला प्रार्थना कशी करावी तेही कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. पौल अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत पोचतो तो या सगळ्या कण्हण्यातून चालत. तू तिला मधला रस्ता वगळून एकदम टोकावर उभं केलंस. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक अवाक्षर बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं! पुढे तोंडं उघडली तेव्हा त्यांच्या बोलण्यात खऱ्या गोष्टीही पुष्कळ होत्या. तरी शेवटी देव त्यांनाच रागावतो, आणि आरडाओरडा करणाऱ्या ईयोबाविषयी म्हणतो की तो माझ्याविषयी यथार्थ बोलला.

आता काय करशील? फोन नको, मेसेज तर नकोच. घरी जा. दारातच सांग, “मी त्या दिवशी घाईने वचन पाठवलं, तुझं ऐकून घेतलं नाही. आज नुसती बसायला आले आहे.” तिने दार लावून घेतलं तर आठवड्याने पुन्हा जा. आत घेतलं तर बाळाविषयी विचार. नाव ठरवलं होतं का, विचार. लोक तो विषय टाळतात आणि आईला वाटतं, माझं बाळ होतं हे मी सोडून कोणाला आठवतच नाही. बाळ येणार होतं ती तारीख विचारून कॅलेंडरवर लिहून ठेव आणि त्या दिवशी जा. प्रार्थना करायची तर लहान कर, आणि तिला वाईट वाटू नये अशी विनंती त्यात करू नकोस.

ती “मला प्रार्थनाच करता येत नाही” म्हणाली, तर स्तोत्र ८८ तिच्यासाठी तू वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही. असं स्तोत्र देवाने आपल्या पुस्तकात राहू दिलं, एवढं कळणंसुद्धा काही दिवस पुरतं. रोम ८ कुठे पळून जात नाही. पुढे कधीतरी ती स्वतःच काढेल.

प्रश्न: आमच्या प्रार्थनासभेत “या बहिणीसाठी प्रार्थना करा” म्हणून घराघरातलं सगळं बाहेर येतं. मी कोणाचं ऐकलं तर ते गुप्त ठेवायचं की वडीलमंडळाला सांगायचं?

चहाड्यांना आपल्याकडे भक्तीची वेषभूषा पटकन चढते. “प्रार्थनेसाठी सांगते हं” अशी सुरुवात झाली की मी विचारते, “तिला विचारलंय का?” पुढचं वाक्य बहुधा येतच नाही. ज्याची गोष्ट त्याला विचारावं की प्रार्थनासभेत काय आणि किती सांगू. “एका बहिणीला बळ हवं आहे” इतकं देवाला पुरतं.

पण “कोणाला म्हणजे कोणालाच सांगणार नाही” असं वचन कधी देऊन बसू नये. बसतानाच मी सांगते: “तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लेकराला कोणी त्रास देत असेल, तर मला ते योग्य ठिकाणी सांगावं लागेल. तुला न कळवता सांगणार नाही.” हे ऐकून कोणी उठून गेलेलं मला आठवत नाही.

लेकरावर अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर तो वडीलमंडळाने बसून मिटवायचा विषय नाही. बऱ्याच देशांत कायद्याने ते पोलिसांना किंवा बालसंरक्षण अधिकाऱ्यांना कळवणं सक्तीचं आहे. कायदा नसता तरी कळवायला हवं होतं. नवरा मारतो असं बाई सांगू लागली तर “अधीन राहा” हे वचन काढणाऱ्याच्या हातातून बायबल काढून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी ती आणि मुलं सुरक्षित जागी हवीत. मत्तय १८ मध्ये अपराध करणाऱ्याकडे एकट्याने जाऊन बोला असं आहे खरं, पण त्याच अध्यायात वर लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषाही आहे. तो अध्याय अर्धा वाचून मार खाणाऱ्या बाईला एकटीला त्याच्यासमोर पाठवू नका.

प्रश्न: माझा भाऊ नैराश्यासाठी गोळ्या घेतो. मंडळीतले काही जण म्हणतात, विश्वास असेल तर गोळ्या बंद कर.

बंद करायच्या नाहीत. गोळी कमी करायची, वाढवायची, थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. त्या अचानक सोडल्या तर त्रास होऊ शकतो, हे मी वॉर्डात पाहिलं आहे. लूक वैद्य होता आणि पौल त्याला “प्रिय वैद्य” म्हणतो. तीमथ्याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, त्याच्या विश्वासाची चौकशी केली नाही.

एलीया संदेष्ट्याचं बघा. रतामाच्या झुडपाखाली पडून तो मरण मागतो. देवाचा दूत येतो, स्पर्श करतो, म्हणतो, ऊठ, खा. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येऊन पुन्हा खायला घालतो. “एलीया, तू येथे काय करतोस?” हा देवाचा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर येतो, आणि दोनदा येतो. एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो, आणि देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग त्याला काम मिळतं, अलीशासारखा सोबती मिळतो, आणि आपण एकटेच उरलो नाही, आणखी सात हजार आहेत, हेही कळतं. तुमच्या भावाला डॉक्टरही हवेत आणि ही बाकीची मंडळीही हवी. जीव द्यावासा वाटतो असं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांना त्याच्याबरोबर रोज अर्धा तास चालायला जायचं काम द्या. गप्प कसं चालावं तेही आधी शिकवा.

प्रश्न: मी मंडळीत वडील आहे. पाळक एक, माणसं दीडशे. त्यांच्याकडून सगळ्यांकडे लक्ष देणं होत नाही आणि आम्हाला यातलं काही येत नाही.

मोशेच्या सासऱ्याने हेच पाहिलं होतं. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलाय, लोक रांगेत उभे, आणि इथ्रो स्पष्ट सांगतो की अशाने तू झिजून जाशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमली जातात. मला यातली दहांवरची माणसं सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या मेथडिस्ट लोकांवर त्यांच्या प्रार्थनाघराचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि दर बारा जणांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावी, असं ठरलं. गोळा करणारे दारात गेले तर कुठे नवरा दारू पिऊन पडलेला, कुठे घरात भांडण. हे मेथडिस्टांचा पुढारी जॉन वेस्ली याच्या कानावर आलं तेव्हा त्याला कळलं की पैसे गोळा करणारा हाच खरा सांभाळणारा होऊ शकतो. कर्जवसुलीतून मेथडिस्टांचे ते प्रसिद्ध छोटे गट जन्माला आले.

तुम्हीही दीडशेंची यादी करून दहा-दहा जण वाटून घ्या. महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या घरी, हातात कागद न घेता. तिथे गेल्यावर १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ आठवा: शिस्त सोडून वागणाऱ्याला बोध, खचलेल्याला धीर, अशक्ताला आधार, आणि सगळ्यांशी सहनशीलता. समोरचा या तिघांपैकी कोण, हे ओळखणं निम्मं काम आहे. वडीलमंडळात मी नेहमी पाहते, खचलेल्याला बोध मिळतो आणि बेशिस्त माणसाला धीर, कारण तो देणगी मोठी देतो. बायकांकडे बायकाच जाऊ देत. तीताला पत्र २ मध्ये वडीलधाऱ्या स्त्रियांना हे काम दिलेलंच आहे, आणि तुमच्या मंडळीत त्या आहेत, पण त्यांना आजवर फक्त सणाची तयारी सांगितली जाते.

प्रश्न: बाप्तिस्मा झालेल्या एका तरुणाला मी शिष्यत्वाचे धडे देतो. मुलगा चांगला आहे, पण आता तो प्रत्येक गोष्ट मला विचारतो. नोकरी बदलू का, मित्राशी बोलू का, उपवास कधी करू. रात्री-बेरात्री फोन. मी नसेन तर याचं काय होणार?

तुम्ही नसाल हे गृहीत धरूनच शिकवायचं असतं. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती माणसं ज्यांना शिकवतील ते, अशा चार पिढ्या एका वाक्यात आहेत. तुमची गाडी दुसऱ्या पिढीवर अडकली आहे, आणि थोडं तुम्हालाही ते आवडत असावं. कोणी आपल्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, हे कोणाला नाही आवडत?

त्याला तयार होईपर्यंत थांबवून ठेवू नका. लूकाच्या नवव्या अध्यायात प्रभू बारा जणांना पाठवतो. त्याच अध्यायात पुढे त्यांना एका मुलातून भूत काढता येत नाही, आणि आपल्यात मोठा कोण यावरून वादही होतो. अशा कच्च्या माणसांना त्याने आधीच पाठवून झालेलं होतं! तुमच्या मुलाला मंडळीतला एखादा त्याहून नवा विश्वासणारा, किंवा उपासनेला न येऊ शकणारे एखादे आजारी आजोबा सोपवा. आठवड्यातून एकदा त्यांना मार्काचं शुभवर्तमान वाचून दाखवू दे. तिथले प्रश्न घेऊन तो तुमच्याकडे येईल, आणि ते प्रश्न त्याच्या नोकरीपेक्षा बरे असतील.

नोकरीचा फोन आला की उत्तर देऊ नका. “तू काय ठरवलंस, आणि कोणत्या वचनावरून?” असं विचारा आणि त्याचं पूर्ण होईपर्यंत थांबा. पापाची बाब नसेल तर त्याने ठरवलेलं तुम्हाला पटलं नाही तरी चालू द्या. भेटीचा एक वार ठरवून घ्या. कोणाच्या जिवाशी गाठ असल्याशिवाय रात्री दहानंतर फोन उचलायचा नाही. हे आजपासूनच. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला तुमच्या सौभाग्यवतींनी पेन्सिलीने चार ओळी लिहिल्यात. त्या छापत नाही, पण वाचल्या आहेत.